नवीन घर, दीड गुंठा जागा, बोअरचं खारं पाणी: माळवं आणि कोंबड्या, सुरुवात कुठून करावी?

नवंघर_लातूर

राम राम मंडळी. लातूरच्या बाहेर औसा रस्त्याला घर झालं, अक्षय तृतीयेला वास्तुशांत उरकली. मागं दीड गुंठा मोकळी जागा आहे. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला नुसती तार. माती मुळात काळी, पण बांधकामाच्या वेळी वर मुरूम टाकून दाबलाय. बोअरला पाणी बेताचंच, टीडीएस (विरघळलेले क्षार) 1,100, भांड्यावर पांढरा थर धरतो. खाणारी माणसं चार. घरापुरतं माळवं आणि अंड्यांपुरत्या दहा-बारा कोंबड्या एवढंच डोक्यात आहे.

पावसाच्या आधी मातीचं काय करू? कोंबड्या आत्ताच आणू की थांबू, आणि कोणत्या? एवढ्याशा जागेत दोन्ही नांदतं का? जाणकारांनी सांगावं, म्हणून विचारतेय.

काळीमाती

ताई, आधी मुरूम काढा. त्यावर चार बोटं काळी माती पसरली की मेथी छान उगवते आणि आपण फसतो. त्याच भरवशावर जूनमध्ये लावलेली वांगी ऑगस्टच्या झडीत माना टाकतात. दाबलेल्या मुरमातून मुळी खाली जात नाही, पाणी मुरत नाही, वरची माती चिबडते आणि मूळ कुजतं.

किती काढायचा ते खड्डा सांगेल. फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा. जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी चार-पाच तासांत उतरलं तर ठीक. सकाळपर्यंत उभंच दिसलं तर थर अजून खाली आहे.

जिथं मिस्त्रीनं माल कालवला होता ती जागा आठवून ठेवा. तिथली सहा इंच माती उचलून टाका. सिमेंट-चुन्यानं मातीचा सामू (पीएच) चढतो, झाडाला लोह मिळत नाही. कोवळं पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर युरिया टाकून काही होत नाही, लोक मात्र टाकत बसतात.

आता वाफे. पावसाळ्यासाठी गादीवाफेच हवेत: 10 फूट लांब, साडेतीन फूट रुंद, 9 इंच उंच, मधे दीड फुटाची वाट. साडेतीन फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो, वाफ्यात पाय पडत नाही. एका वाफ्याला 26 घनफूट माती लागते, म्हणजे एक ब्रासमध्ये (शंभर घनफुटांत) जवळपास चार वाफे. चार माणसांना पाच-सहा वाफे पुष्कळ. तलावाचा गाळ मिळाला तर चौथा हिस्साच घ्या, तो फार चिकट असतो. तीन घमेली काळी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, अर्धं घमेलं साळीचं तूस किंवा पालापाचोळा, असं मिसळा. शिवाय वाफ्याला अर्धा किलो निंबोळी पेंड. माती मोकळी व्हावी म्हणून थोडी वाळू मिसळतात, ते करू नका. काळ्या मातीत थोडी वाळू म्हणजे विटेचा गारा.

शेणखत हातात घेऊन बघा. शेणाचा वास आला किंवा आतून कोमट लागलं तर ते कच्चं. कच्च्या खतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते, वाळवीही लागते.

पहिल्या वळवाला पेरू नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा आहे. तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. ओल्या काळ्या मातीत कुदळ घातली की जी ढेकळं होतात ती हंगामभर फुटत नाहीत.

परसातलं_ताट

लागवडीचं मी सांगतो. जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी, आणि तारेच्या बाजूला दोडका-कारलं. तार तशीही मोकळीच आहे. भेंडी 45 बाय 15 सेंटीमीटरवर, बी रात्रभर भिजवून. परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती घरच्या बागेला चांगली. ती केवडा रोगाला तग धरते म्हणूनच नावाजली. तरी एखाद्या झाडाच्या शिरा पिवळ्या दिसल्या की ते उपटायचंच. रोग पांढऱ्या माशीमार्फत पसरतो, झाड सुधारत नाही.

वांगी 75 सेंटीमीटरवर, सहा झाडं बास. शेंडा एकदम सुकून लोंबला तर आत अळी आहे. सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून कापा, कापलेलं तिथंच टाकू नका. कोंबड्या आल्या की त्यांच्यापुढं टाका, अळी काढून खातात.

मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा हे सप्टेंबरअखेरपासून. सगळा वाफा एकाच दिवशी पेरला की महिन्यानं शेजारपाजारी वाटत बसावं लागतं. वाफ्याचे तीन भाग करून दर बारा दिवसांनी एक पेरा. धणे चपलेनं रगडून दोन फोडी करायचे, बारा तास भिजवायचे, मग पेरायचे. आख्खे धणे उशिरा आणि विरळ उगवतात.

पाण्याचं: 1,100 टीडीएसवर बीट, पालक, चवळी, टोमॅटो निभावतात. घेवडा, गाजर, कांदा खुंटतात, त्यांच्या नादी लागू नका. मेमध्ये एका वाफ्याला रोज 20 ते 25 लिटर लागतं, ऑक्टोबरात 12 ते 15. रोज वरवर शिंपडलं की क्षार वरच्याच दोन इंचांत साचतात, मातीवर पांढरी साय येते. हिवाळ्यात दोन दिवसांआड पण खोलवर द्या. स्वयंपाकघरातल्या आरओचं वाया जाणारं पाणी तर बोअरपेक्षाही खारं, ते फरशी धुवायला ठेवा.

पावसाळ्यात गच्चीचं पाणी धरा. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर 10 मिलिमीटर पाऊस पडला की नऊशे लिटर उतरतं. हजार लिटरची टाकी नळीखाली ठेवली तरी रोपं त्यावर निघतात. 2016 ला रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेलं शहर आहे आपलं, एवढं तर करायलाच हवं.

खुराडं_पशुसेवक

कोंबड्या आत्ता आणू नका, दसऱ्यापर्यंत थांबा. 42-43 अंशांत नवीन जागी आणलेला पक्षी धापा टाकतो, खात नाही, मरतो. जुलैत एक दिवसाची पिल्लं आणली तर तूस दमट राहतं आणि तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात रक्ती हगवण लागते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आठ आठवड्यांचे, लसी झालेले पक्षी घ्या. जानेवारीअखेर पहिलं अंडं.

लसी कोणत्या झाल्या ते विकणाऱ्याकडून लिहून घ्या: सातव्या दिवशी लासोटा (मानमोडी म्हणजे राणीखेत रोगाची), चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची, अठ्ठाविसाव्या दिवशी परत लासोटा, सहाव्या आठवड्यात देवी. मानमोडीचीच दुसरी लस आरटूबी आठ ते दहा आठवड्यांत असते, ती बहुधा तुमच्याकडेच येईल. कुपीत शंभरएक डोस असतात आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावे लागतात. म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचे पक्षी एकाच दिवशी टोचून घ्या. कुपी बर्फाच्या थर्मासमधूनच आणायची. खिशातून आणलेली लस म्हणजे पाणी.

जात: अंड्यांसाठी ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची आहे, परसात वर्षाला 160 ते 180 अंडी देते. गावरान पन्नास-साठ. कडकनाथ अंड्यांसाठी नाही.

खुराडं बारा पक्ष्यांना 6 बाय 4 फुटांचं, जमिनीपासून दोन फूट वर. लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन आत शिरत नाही. दक्षिण-उत्तरेला जाळी, उरलेल्या दोन बाजू बंद. षटकोनी चिकन जाळी कोंबड्या आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. कुत्रं तर ती दातानं फाडतं. अर्धा इंची वेल्डमेश घ्या, उंदीर आणि सापही अडतात. बाहेर फिरायला 10 बाय 10 ची जागा, तिच्या जाळीचा खालचा फूटभर भाग बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरा. मुंगूस जाळीच्या अगदी बुडाशीच उकरतं, फूटभर मागं सरून उकरायचं त्याला सुचत नाही. कडीला खिळा अडकवा, नुसती सरकती कडी रात्रभर हलवली की निघते.

बसायला दोन इंच जाडीच्या गोल दांड्या, पक्ष्यामागं 9 इंच. अंड्यांना आंब्याच्या तीन पेट्या, अंधाऱ्या कोपऱ्यात.

डालगं

सगळ्या ग्रामप्रिया नकोत असं माझं मत. ती खुडूक होत नाही (अंडी उबवायला बसत नाही), म्हणजे पुढची पिल्लं दर वेळी विकतच. दहांत दोन गावरान ठेवा. त्यातली एक खुडूक झाली की थंडीत दहा-बारा अंड्यांवर रवणाला बसवा. एकविसाव्या दिवशी पिल्लं, ना बल्ब ना लाईट जायची भीती. फक्त पहिले तीन आठवडे पिल्लांसकट टोपल्याखाली डालून ठेवायची, घार वरून बघतच असते. रवणासाठी कोंबडा मात्र पाळावा लागेल, शेजाऱ्यांना पहाटे चालतो का ते आधी विचारा.

नवंघर_लातूर

खूप उपयोग झाला सगळ्यांचा. अजून दोन गोष्टी. शेड पत्र्याचं आयतं आहे, ते चालेल का? आणि शेतातून सोयाबीन, तूरचुरी, भुसकट फुकट येतं. खाद्य त्यातच भागेल का?

खुराडं_पशुसेवक

पत्रा चालेल, उघडा नाही. वरून चुना मारा आणि तुराट्यांचा किंवा कडब्याचा वीतभर थर बांधा. मार्चपासून जाळीला ओलं गोणपाट लावा, पण वारा अडेल असं नको. उन्हाळ्यात खाद्य सकाळी आठच्या आत आणि सूर्य उतरल्यावर. दुपारी फक्त गार पाणी, पक्ष्याला अर्धा लिटर धरून. हे बोअरचं पाणी कोंबड्यांना चालतं, भांडं रोज घासा म्हणजे झालं.

कच्चा सोयाबीन अजिबात घालू नका. त्यातल्या एका घटकामुळं प्रथिनं पचत नाहीत, कोंबडी पोटभर खाऊनही खंगते. सोयापेंड चालते, कारण ती तापवलेली असते. पेरणीचं उरलेलं रंगीत बियाणं तर खुराड्याजवळही नको, तो रंग औषधाचा असतो. बुरशीचा मका चुलीत घाला, धुऊन वाळवून देऊ नका. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला 110 ग्रॅम लेयर खाद्य लागतं. बारा पक्ष्यांना 50 किलोचं पोतं पाच आठवडे पुरतं. ज्वारी आणि तूरचुरी त्यातल्या पावभागापर्यंत मिसळा, जास्त केली की अंडी कमी आणि कवच पातळ. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. भुसकट खाली अंथरायलाही नको, ओलं झालं की लगेच बुरशी धरतं. तूस किंवा शेंगांची टरफलं दोन-तीन इंच घाला, आठवड्याला हलवा.

खाद्याचं भांडं छपराखालीच असू द्या, चिमण्या-कावळे त्यात बसता कामा नयेत. 2021 च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू निघाला, 2025 च्या जानेवारीत उदगीरचे कावळे त्यानंच मेले. एकाच दिवशी दोन-तीन पक्षी गेले तर पुरू नका, विकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

काळीमाती

दोन्ही नांदतं का, हे राहिलंच. नांदतं, पण मधे चार फुटांची जाळी हवी. मोकळी कोंबडी भाजी खाते त्यापेक्षा उकरून जास्त नासवते, आणि नुकताच पेरलेला मऊ वाफा तिला धुळीत लोळायला लागतोच. पीक निघालं की त्या वाफ्यात आठवडाभर सोडा, अळ्या-कोष वेचून काढते. निंबोळीशिवाय दुसरं काही फवारलं असेल तर सोडू नका. खुराडं घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला घ्या. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो, वास घरात येत नाही.

खुराड्यातलं तूस थेट वाफ्यात टाकलं तर रोपं करपतात, त्यात अमोनिया असतो. एक पाटी विष्ठेचं तूस, दोन पाट्या पालापाचोळा असे थर घालून सावलीत ढीग करा, ओल ठेवा, पंधरा दिवसांनी परतवा. तीन महिन्यांनी वाफ्याला एक घमेलं पुरे. पालेभाजीला तरी हेच वापरा, ताजं कधीच नाही.