दुकानामागे साडेतीनशे जुने टायर साठलेत, पावसाआधी नियमात राहून कसे हलवायचे?

हायवे_सातारा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुणे–बंगळूर महामार्गालगत टायर विक्री आणि पंक्चरचं दुकान आहे, हद्द ग्रामपंचायतीची. दुकानामागच्या अर्ध्या गुंठ्यात ट्रकचे 120 (निम्मे नायलॉन धाग्याचे, निम्मे रेडियल म्हणजे पोलादी तारेचे), कारचे 150, दुचाकीचे 80 टायर आणि चार पोती ट्यूब-फ्लॅप (फ्लॅप म्हणजे ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) पडून आहेत. मागे लागूनच उसाचा फड आहे आणि एका कोपऱ्यावरून विजेची लाईन जाते. आरोग्य सेविकेला टायरमध्ये डासांच्या अळ्या सापडल्या, त्यामुळे ग्रामपंचायतीने पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. भंगारवाला फक्त नायलॉन उचलायला तयार आहे. जवळचा एक गुऱ्हाळवाला मात्र स्वतःचा ट्रॅक्टर आणून सगळे नेतो म्हणतो.

माल कोणाला द्यावा, कागद काय लागतात आणि माल जाईपर्यंत कसा ठेवावा? टायर विकणाऱ्या दुकानालाही प्रदूषण मंडळाकडे नोंदणी करावी लागते का?

रबर_गोडाऊन

आधी माल निवडा. सरमिसळ ढिगाला भाव मिळत नाही आणि चांगला गिऱ्हाईक हातही लावत नाही.

ट्रकच्या टायरमधून रिट्रेडिंगला (घासलेल्या टायरवर नवा रबरी थर चढवायला) जाण्याजोगे केस, म्हणजे टायरचे सांगाडे, बाजूला काढा. साईडवॉलला (टायरच्या बाजूला) खोल काप, उघडी पडलेली बीडची (रिमला बसणाऱ्या कडेची) तार किंवा ट्रेडमधून (रस्त्याला टेकणाऱ्या भागातून) डोकावणारी तार दिसली की तो केस बाद. मग आत हात घालून साईडवॉल चाचपा. हवा कमी असताना पळालेल्या टायरला आतून गोल सुरकुत्यांचा पट्टा पडतो आणि बोटांना काळी भुकटी लागते. बाहेरून असा टायर ठणठणीत दिसतो, पण रिट्रेड केला तर हवा भरतानाच साईडवॉल फाटते. तोही बाद. साईडवॉलवरचा चार आकडी कोडही वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. सहा-सात वर्षांच्या पुढचा केस रिट्रेडवाले सहसा घेत नाहीत.

उरलेल्यात नायलॉन आणि रेडियल वेगळे करा. नायलॉनला गिऱ्हाईक लवकर मिळतं, कारण बीड कापून काढली की आत पोलाद उरत नाही आणि रिक्लेम रबरवाल्याला (जुनं रबर पुन्हा वापरण्याजोगं करणाऱ्याला) दळायला सोपं जातं. रेडियलमध्ये ट्रेडखाली पोलादी पट्टे असतात, ट्रकच्या रेडियलमध्ये तर साईडवॉलमध्येही तार असते. तो माल क्रंब रबरवाल्याकडे (टायरचा चुरा करणाऱ्याकडे) किंवा पायरोलिसिसवाल्याकडे (बंद रिअॅक्टरमध्ये हवेविना तापवून तेल काढणाऱ्याकडे) जातो आणि त्यांना तो गाडीभर लागतो. भंगारवाला रेडियलला हात लावत नाही तो याच कारणाने.

ट्यूब आणि फ्लॅप एका पोत्यात ठेवू नका. ट्यूब बहुतेक ब्यूटाईल या कृत्रिम रबराच्या असतात, फ्लॅप नैसर्गिक रबराचा असतो. ही दोन रबरं एकत्र शिजत नाहीत. ब्यूटाईल रिक्लेममध्ये थोडा जरी फ्लॅप गेला तरी अख्खी बॅच बिघडते, म्हणून मिसळलेल्या पोत्याला कचऱ्याचा दर मिळतो. ट्यूबचा पितळी वॉल्व्ह कापून वेगळा ठेवा आणि निवडलेल्या ट्यूब स्वतंत्र विका.

वजनाचा अंदाज असा धरा: ट्रकचा घासलेला टायर 45 ते 50 किलो, कारचा 6 ते 7, दुचाकीचा अडीच-तीन. म्हणजे तुमचा माल जवळपास सात टन. पण टायरच्या गाडीत वजनाआधी जागा संपते. 20 फुटी बॉडीत तुमचे ट्रकचे टायरच जेमतेम बसतील, त्यामुळे दोन खेपा धरूनच भाडं ठरवा. वजनकाट्यावर जाण्याआधी प्रत्येक टायर उभा करून, हलवून आतलं पाणी काढा. पाणी आणि चिखल दिसला की घेणारा सरसकट वजावट करतो, ती प्रत्यक्ष पाण्यापेक्षा नेहमी जास्तच असते.

कीटक_सर्वेक्षण

अळ्यांबद्दल लिहितो, कारण नुसतं पाणी ओतून हे काम होत नाही.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास पाण्यात अंडी सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टायरच्या आतल्या ओलसर भिंतीला ती चिकटवतो. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पहिल्या पावसाचं पाणी वर चढलं की फुटतात. आज पाणी ओतलं आणि जूनमध्ये पुन्हा भरलं, तर पंधरवड्यात डास तयार. म्हणून पाणी ओतल्यावर आतली बाजू ताठ काथ्याच्या किंवा तारेच्या ब्रशने घासा. जिथे पाण्याची पांढरट रेघ उमटलेली असते, तिच्या वरचे दोन-तीन इंच नीट घासले गेले पाहिजेत. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला 7 ते 10 दिवस लागतात, म्हणून तपासणी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. दहा दिवसांनी गेलात तर एक पिढी उडून गेलेली असेल.

जे टायर लगेच जाणार नाहीत त्यांना अळीनाशक लागेल. आरोग्य विभाग टेमीफॉस 50 टक्के वापरतो, 10 लिटर पाण्यात 2.5 मिली, दर आठवड्याला. आरोग्य उपकेंद्रात सांगितलं तर कर्मचारी येऊन फवारतात. दुकानात सुटी बाटली आणून अंदाजाने ओतू नका. गप्पी मासे हौदासाठी असतात, टायरसाठी नाहीत.

बरेच जण टायरमध्ये जळकं ऑईल ओततात. कृपा करून ते करू नका. वापरलेलं ऑईल कायद्याने घातक कचरा आहे, पावसात ते वाहून विहिरीपर्यंत जातं, तेलकट रबर रिसायकलवाला परत पाठवतो, आणि ढिगाला आग लागलीच तर तेच इंधन होतं.

भोक पाडण्याचा सल्लाही मिळेल. तो फक्त बागेत, मैदानावर किंवा धक्क्यावर कायम राहणाऱ्या टायरसाठी आहे. रेडियलच्या ट्रेडमध्ये ड्रिल पोलादाला अडतं, म्हणून कारचा टायर आडवा ठेवून खालच्या साईडवॉलच्या पोटाला, जिथे ती सर्वात फुगीर असते तिथे, 20 ते 25 मिमीची तीन-चार भोकं पाडतात. त्याहून लहान भोक पानगळीने बुजतं. असा टायर नंतर उभा केला तर पाणी ट्रेडच्या बाजूला साठतं आणि भोकांचा काही उपयोग राहत नाही.

अग्निसुरक्षा_सल्ला

सगळ्यात आधी विजेच्या लाईनखालचे टायर हलवा. तार तुटली किंवा ठिणगी पडली तर नेमका तोच कोपरा पेटेल.

टायर सहजासहजी पेटत नाही, पण एकदा पेटला की विझवणं फार कठीण जातं. त्याची उष्णता किलोमागे दगडी कोळशापेक्षा जास्त आहे, आणि पोकळीमुळे ढिगात हवा खेळती राहते. वरून मारलेलं पाणी टायरच्या पाठीवरून घरंगळतं, आत पोचत नाही. तापलेल्या रबरातून काळं तेल सुटून जमिनीवर वाहतं आणि आग त्याच्यासोबत सरकते. वेल्समधल्या हेयोप इथे 1989 मध्ये पेटलेला टायरचा डोंगर पुढे वर्षानुवर्षं आतून धुमसत होता.

माल जाईपर्यंत असा रचा. टायर आडवे, एकावर एक, उंची सहा फुटांच्या आत. 10.00-20 मापाचे सहा टायर साधारण पावणेदोन मीटर होतात, तिथे थांबा. कारचे दहा टायर तेवढेच भरतात. 120 ट्रक टायरच्या 20 चळती होतील, त्या एकाच ठोकळ्यात न लावता दोन गटांत लावा आणि मधे माणूस व नळी जाईल इतकी वाट ठेवा. इमारतीच्या भिंतीला टेकवू नका. वेल्डिंग, गॅस कटर आणि कॉम्प्रेसरच्या खोलीपासून जास्तीत जास्त लांब ठेवा. वर पत्र्याचं छप्पर असेल तर उत्तम. ताडपत्री टाकलीत तर मधे बांबू उभा करून तिला उतार द्या, नाहीतर ताडपत्रीच्या खोलगटातच पाणी साचून पुन्हा अळ्या होतात.

फडाच्या बाजूला निदान पाच मीटरचा पट्टा खुरपून, मुरूम टाकून उघडा ठेवा. तोडीनंतर पाचट पेटवलं जातं तेव्हा उडणारे जळते तुकडे कोरड्या गवतावर पडतात आणि गवतातून आग टायरपर्यंत येते. शेतकऱ्याशी आत्ताच बोलून घ्या. पाचट कुट्टी करून रानातच ठेवलं तर त्याच्या जमिनीचंही भलं होतं.

जागेवर 6 किलोचे दोन एबीसी पावडरचे अग्निशामक सिलिंडर आणि एक ब्रास माती किंवा वाळू असू द्या. सिलिंडर पहिल्या मिनिटासाठी आहे, एक-दोन टायर पेटलेले असताना. त्यापुढे गेलं की 101 किंवा 112 ला फोन करा आणि सुरक्षित अंतरावरून न पेटलेले टायर जेसीबीने ओढून लांब करा. पेटलेल्या भागावर मातीचा जाड थर टाकून तो दाबणं पाण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. वाहणारं तेल ओढ्यात जाऊ नये म्हणून उताराच्या बाजूला मातीचा बांध घाला. धूर विषारी असतो, वारा धूर नेतो त्या बाजूला कोणी उभं राहू नये.

आणि स्पष्टच सांगतो, अर्ध्या गुंठ्यात साडेतीनशे टायर सुरक्षित ठेवण्याची कोणतीही रचना नाही. हा माल गेल्यावर साठ-सत्तरच्या पुढे साठा जाऊ देऊ नका.

हायवे_सातारा

सर्वांचे आभार. कोपरा आजच मोकळा करतो. गुऱ्हाळवाल्याला नाही म्हणायचं ठरवतोय, पण तो म्हणतो की टायर भट्टीत जळतो, उघड्यावर नाही, मग अडचण काय? शिवाय शेजारचे दूध व्यावसायिक मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याच्या) खड्ड्यावर ठेवायला पंचवीस टायर मागतात. ते चालेल का?

रबर_गोडाऊन

गुऱ्हाळाच्या चुलाणाला धूर शुद्ध करणारी कोणतीही यंत्रणा नसते. टायरमध्ये गंधक आणि झिंक ऑक्साईड असतं, ते धुरातून आणि काजळीतून बाहेर पडतं. वर उघड्या कढईत रस उकळत असतो, काजळी त्यातही पडते आणि तो गूळ लोक खातात. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर 2016 च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळल्यास 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000 रुपये दंड आहे. चुलाणाचं प्रकरण हवा प्रदूषण कायदा 1981 खाली मंडळाकडे जातं. चौकशी झाली की टायर कुठून आले हा पहिला प्रश्न असतो आणि तुमच्याकडे दाखवायला चिठ्ठीही नसेल. सिमेंटच्या भट्टीत टायर जाळतात हे खरं, पण तिथलं तापमान, गाळणी आणि परवानगी यांची चुलाणाशी तुलनाच होत नाही.

गोठा_आणि_चारा

मुरघासासाठी देता येतील, पण निवडून. फक्त नायलॉनचे, न कापलेले, कुठेही तार न दिसणारे. घासलेला रेडियल उन्हात तडकत जातो आणि त्याच्या ट्रेडमधून केसासारखे बारीक पोलादी तुकडे गळतात. खड्डा उघडताना टायर ओढला की ते चाऱ्यात पडतात. गाय चारा निवडून खात नाही, गिळते. तार जाळीपोटात अडकते, तिथून पडदा छेदून हृदयाच्या आवरणापर्यंत जाऊ शकते. गाय अचानक दूध कमी करते, पाठ कमानीसारखी करते, उतारावर चालताना कण्हते. अशा वेळी बहुतेकदा उशीर झालेला असतो. धोका असलेल्या गोठ्यात पशुवैद्य पोटात चुंबक सोडतात, पण तार चाऱ्यात जाऊच न देणं बरं.

मुरघासावरच्या टायरमध्येही पाणी साठतं, तेव्हा भोकं पाडून द्या. भोक पाडताना बीडची तार तुटू देऊ नका. टायरऐवजी वाळूने भरलेल्या लांब पिशव्या वापरल्या तर दोन्ही कटकटी मिटतात, आणि त्या खड्ड्यावरच्या प्लास्टिक कागदाला टायरपेक्षा सलग दाब देतात.

रबर_गोडाऊन

आता नोंदणी आणि कागद. घातक व इतर कचरा नियम 2016 मध्ये 21 जुलै 2022 ला दुरुस्ती झाली आणि टायरसाठी वेगळी अनुसूची आली. तिच्यानुसार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर टायर उत्पादक, आयातदार, रिसायकलर आणि रिट्रेडर यांची नोंदणी होते. तुम्ही नुसते देशी कंपन्यांचे टायर विकत असाल तर त्या नोंदणीत येत नाही. टायर स्वतः आयात करत असाल तर येता.

तुम्ही करायचं ते एवढंच की माल नोंदणीकृत हातात द्यायचा आणि पुरावा ठेवायचा. घेणाऱ्याचं नाव पोर्टलवरच्या यादीत शोधा. मग त्याच्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची प्रत मागा आणि तीन ओळी वाचा: मुदत कधी संपते, कच्चा माल म्हणून टायर लिहिलाय का, आणि पत्ता गाडी जाणार आहे तोच आहे का. पायरोलिसिसवाला असेल तर जास्त खोलात जा. वाडा, पालघर भागात असे बरेच कारखाने आहेत आणि सगळे सारखे नाहीत. जुन्या पद्धतीच्या रिअॅक्टरचं दार पुरेसं गार न होता उघडलं तर आतला कार्बन हवेशी भिडून पेट घेतो, कामगार भाजतात. संमतीपत्र दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याला माल देऊ नका, भाव कितीही चढा असो.

गाडीसोबत बिल किंवा डिलिव्हरी चलन द्या. त्यावर टायरचा प्रकार, नग आणि वजन लिहा. भंगार रबर एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा क्रमांक) 4004 मध्ये, रिट्रेडला जाणारे वापरलेले टायर 4012 मध्ये येतात. दोन्ही एकाच ओळीत लिहू नका. राज्यातल्या राज्यात माल एक लाखाच्या पुढे गेला तर ई-वे बिल लागेल. भरताना गाडीच्या नंबर प्लेटसकट फोटो काढा, काट्याची पावती आणि पोच घ्या, आणि त्याची एक प्रत मुदतीच्या आत ग्रामपंचायतीत जमा करून शिक्का घ्या.

दोन खेपा असतील तर पहिल्या खेपेत कारचे, दुचाकीचे आणि विजेच्या लाईनखालून काढलेले टायर घाला. ट्रकचे टायर दुसऱ्या खेपेला गेले तरी चालतील. आत हात घालण्याआधी काठीने ठोकून बघा आणि चामडी हातमोजे घाला. टायरच्या थरात घोणस सापडणं या दिवसांत नवीन नाही.