'रीमास्टर' या शब्दाला मराठीत काय म्हणावे?

राजारामपुरीकर:

आमच्या श्रवणमंडळात महिन्यातून एकदा एखादी जुनी ध्वनिमुद्रिका सर्वांनी मिळून ऐकण्याची प्रथा आहे आणि त्या वेळी वाटायचे एकपानी टिपण लिहिण्याचे काम माझ्याकडे असते. गेल्या बैठकीत जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या 'क्राफ्टवेर्क' या संगीतगटाची १९७४ सालची 'ऑटोबान' ही ध्वनिमुद्रिका आधी जुन्या तबकडीवर आणि मग २००९ मध्ये निघालेल्या रीमास्टर केलेल्या सीडीवर, अशी दोनदा ऐकली. टिपणात मी दुसऱ्या प्रतीचे वर्णन 'पुनर्ध्वनिमुद्रित' असे केले होते. मोटारीचे दार मिटते, इंजिन सुरू होते, भोंगा वाजतो आणि पुढे बावीस मिनिटांहून अधिक काळ तो प्रवास चालतो, हे सगळे दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर एक ज्येष्ठ सदस्य चिडून म्हणाले, "यांनी पुन्हा वाजवलंय म्हणता, आणि मला तर एक सूरही इकडचा तिकडे झालेला दिसला नाही." चूक त्यांची नव्हती, माझ्या शब्दाची होती.

बाकीच्यांची मते घेऊ लागलो तेव्हा अडचण वाढली. एकजण म्हणाले की मागची खरखर गेल्यामुळे प्रत्येक वाद्य आपापल्या जागी उभे दिसते, तर दुसऱ्या बाई म्हणाल्या की सगळेच सारखे पुढे आल्यामुळे लांबून जवळ येणाऱ्या गाडीचा लांबपणा हरवला. दोघेही एकाच क्रियेबद्दल बोलत होते आणि त्या क्रियेला माझ्याकडे मराठी नाव नव्हते. पुढच्या शनिवारपर्यंत सुधारित टिपण छापायला द्यायचे आहे. कोणता शब्द लिहावा?

गुजरीतला:

शब्द आपल्या पेठेतच आहे, 'उजाळा'. आम्ही गुजरीतले सराफ. आमच्याकडे जुना कोल्हापुरी साज येतो, तेव्हा आम्ही तो आटवून नवा घडवत नाही. रिठ्याच्या कोमट पाण्यात तो बुडवून ठेवतो, मऊ ब्रशने एकेक पान हलक्या हाताने घासतो आणि कोरीव कामात बसलेला मळ सुटला की स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ कापडावर सुकवतो. मण्यांत लाख असल्यामुळे आच दाखवता येत नाही, म्हणून घाई करणाऱ्याचे ते काम नव्हे. वस्तू तीच, सोने तेच, घडण तीच, फक्त दिसू लागते. आपण सांगितलेली क्रिया मला याहून वेगळी वाटत नाही.

शनिवार पेठ:

'उजाळा' या शब्दाची वर्तमानपत्रांनी वाट लावली आहे. प्रत्येक स्नेहसंमेलनात आठवणींना उजाळा मिळतो, त्यामुळे तांत्रिक संज्ञा म्हणून तो आता उभा राहणार नाही. माझ्या मते 'पुनःसंस्करण' हा शब्द योग्य आहे. मूळ मुद्रणावर पुन्हा संस्कार करणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. मात्र कृपया 'पुनर्संस्करण' लिहू नये. पुढे 'स' किंवा 'प' आला की 'पुनर्' मधला रफार टिकत नाही. 'पुनर्मुद्रण' बरोबर, 'पुनर्प्रकाशन' चूक आणि 'पुनःप्रकाशन' बरोबर, एवढे तरी आपण सांभाळावे.

शाहूपुरी, दुसरी गल्ली:

मी काही वर्षे ध्वनिमुद्रणशाळेत काम केले आहे, म्हणून आधी क्रिया सांगतो, नाव नंतर ठरवावे. वाद्यांचे वेगवेगळे पट्टे एकत्र मिसळून डावी-उजवी अशी दोन पट्ट्यांची अंतिम फीत तयार होते, ती 'मास्टर'. त्या फितीवरून तबकडी कापताना तडजोडी कराव्या लागतात. खर्ज फार मोठा ठेवला किंवा दोन्ही बाजूंना फार पसरवला तर सुई खाचेतून उडते, म्हणून खर्ज मध्यभागी आणतात. बाजू जितकी लांब, तितक्या खाचा जवळजवळ बसवाव्या लागतात आणि आवाजाची पातळी उतरवावी लागते. 'ऑटोबान'ची पहिली बाजू एकाच रचनेने भरली आहे, तेव्हा तिथे ही तडजोड आलीच. सीडीला खाच नाही आणि सुईही नाही. म्हणून जुनी फीत पुन्हा काढून तारषड्ज आणि खर्ज यांचा तोल नव्याने लावता येतो. हे झाले रीमास्टर.

याच टप्प्यावर मोह होतो. आवाजाची टोके दाबली की सरासरी पातळी वर चढवता येते आणि पहिल्या ऐकण्यात सगळ्यांना ते 'भारी' वाटते. आपल्या सदस्य बाईंना जो लांबपणा हरवलेला जाणवला, तो तिथे हरवला असावा. गुजरीतल्यांनी रिठा सांगितला, तेजाब म्हणजे तीव्र आम्ल सांगितले नाही. तेजाबाने साज अधिक लखलखतो, पण ते प्रत्येक वेळी थोडे सोने घेऊन जाते. म्हणून मला 'उजाळा' हा शब्द अर्धाच पटतो, कारण त्यात वस्तूचे काही जात नाही असे गृहीत आहे.

गुजरीतला:

तेजाबाचे मान्य. पण दोष शब्दाचा नसून हाताचा आहे. वाईट उजाळा हासुद्धा उजाळाच असतो.

मंगळवार पेठेतील अनुवादक:

माझा अनुभव पुस्तकांचा आहे. प्रकाशन व्यवसायात 'पुनर्मुद्रण' आणि 'सुधारित आवृत्ती' यांत फरक करावा लागतो, आणि तो केला नाही तर वाचक हमखास पत्र पाठवतो. तोच न्याय इथे लावून पाहावा. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर सिंथेसायझरवर दहा राग वाजवले, ती ध्वनिमुद्रिका तेव्हा फारशी कुणाच्या कानी पडली नाही आणि २०१० मध्ये नेदरलँड्समधून ती पुन्हा निघाली तेव्हा जगभर गाजली. पुन्हा बाजारात आणण्याच्या त्या कृतीला 'पुनःप्रकाशन' म्हणावे. याउलट फ्रेंच संगीतकार ज्याँ-मिशेल जार यांनी १९७६ च्या 'ऑक्सिजेन'ची २००७ मध्ये जी प्रत काढली, तिच्यात त्या काळचीच वाद्ये घेऊन सगळे नव्याने वाजवले आहे. राजारामपुरीकरांचा 'पुनर्ध्वनिमुद्रित' हा शब्द तिथे चपखल बसतो. गंमत अशी की तिच्या नावातच 'न्यू मास्टर रेकॉर्डिंग' असे शब्द आहेत, त्यामुळे नुसते वेष्टन वाचणारा तिलाही रीमास्टर समजून बसतो. म्हणजे हा घोळ केवळ मराठीचा नाही.

आणि 'क्राफ्टवेर्क'च्या त्याच २००९ च्या संचात १९८६ ची 'इलेक्ट्रिक कॅफे' ही ध्वनिमुद्रिका 'टेक्नो पॉप' या नावाने आली, काही रचनांतही फेरफार झाला. त्याला तर मी 'सुधारित आवृत्ती' म्हणेन, संस्करण वगैरे नव्हे.

शनिवार पेठ:

आपण सर्व उदाहरणे छान दिलीत, परंतु त्यांतून मराठी शब्दाची गरजच सिद्ध होते. या कोल्हापुरात १९२९ मध्ये प्रभात कंपनी उभी राहिली तेव्हा 'दिग्दर्शक' हा शब्दही कुणाला कृत्रिम वाटला असता. सावरकरांच्या नावावर सांगितला जाणारा तो शब्द आज रिक्षावालासुद्धा वापरतो. शब्द वापरल्याने रुळतो. आधी रुळू द्या आणि मग वापरू, असे म्हणणाऱ्याच्या वाट्याला 'रीमास्टर'च येणार.

शाहूपुरी, दुसरी गल्ली:

रिक्षावाला 'पिक्चर' म्हणतो, साहेब.

मंगळवार पेठेतील अनुवादक:

शुद्धीचा विषय निघालाच आहे तर आपल्याच राजाराम महाविद्यालयात फारसी शिकवणाऱ्या माधव ज्युलियनांची आठवण काढावी. ज्यांनी फारसी-मराठी कोश रचला आणि ज्यांच्या कवितेत फारसी शब्द मुक्तपणे आले, त्यांनीच पुढे १९३८ मध्ये 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिले. मला त्या नावातला 'विवेक' महत्त्वाचा वाटतो. शिवकाळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यांतले काही टिकले, पण आज आपण 'जमीन', 'कागद' आणि 'अर्ज' हेच शब्द वापरतो. कोणता शब्द जगेल हे कोशकाराच्या हाती नसते.

रंकाळ्याच्या काठावरून:

उशिरा आलो, पण एक मुद्दा कुणीच मांडलेला दिसत नाही. 'मास्टर' हा शब्द लॅटिन 'मॅजिस्टर'वरून आला. त्याच शब्दापासून पोर्तुगीज 'मेस्त्रे' झाला आणि तो आपल्याकडे 'मेस्त्री' किंवा 'मिस्त्री' म्हणून शतकानुशतके नांदतो आहे. म्हणजे 'मास्टर' आपल्या घरी मागल्या दाराने केव्हाच आला आहे. माझे आजोबा सुतारकाम करीत आणि जुन्या दाराची चौकट न बदलता फक्त झडपा रंधून, बिजागऱ्या बदलून ते दार पुन्हा बसवून देत. त्याला ते 'दार मारून देणे' म्हणत. 'ऑटोबान' मारून दिली, असे लिहायला माझी हरकत नाही.

शनिवार पेठ:

व्युत्पत्ती बरोबर असेल, पण निष्कर्ष हास्यास्पद आहे. शब्दाचे मूळ एक असले म्हणून अर्थ एक होत नाही. 'मिस्त्री' म्हणजे कारागीर, आणि इथला 'मास्टर' म्हणजे जिच्यावरून बाकीच्या प्रती निघतात ती मूळ प्रत. त्यासाठी छपाईतला 'मातृका' हा शब्द तयार आहे. छापखान्यातले अक्षरांचे खिळे ज्या साच्यातून ओततात ती मातृका.

शाहूपुरी, दुसरी गल्ली:

'मातृका' सुंदर आहे, पण तबकडीच्या कारखान्यात ती नेमकी दुसऱ्याच वस्तूला लागू पडते. तिथे कापलेल्या तबकडीवरून धातूचा उलटा साचा काढतात, त्याला 'फादर' म्हणतात. त्याच्यावरून निघतो तो 'मदर', आणि 'मदर'वरून निघालेल्या 'स्टँपर'ने तबकड्या दाबून काढतात. आपण फितीला 'मातृका' म्हणालात तर आई बापाच्याही आधी जन्माला येईल.

गुजरीतला:

कल्हईचा विचार कुणी केला का? पितळेचे भांडे तेच राहते, आत नवा थर बसतो आणि पुन्हा वापरता येते.

मंगळवार पेठेतील अनुवादक:

कल्हईत वरून कथील चढते आणि रीमास्टरमध्ये वरून काही चढवलेले नसते, किंवा नसावे. शिवाय 'कल्हई' अरबीतून आली आहे, शनिवार पेठकर मान्य करतील असे वाटत नाही.

शनिवार पेठ:

'कल्हई'ला माझा विरोध नाही, ती घरची झाली आहे.

राजारामपुरीकर:

सर्वांचे आभार. टिपण आज संध्याकाळी छापायला द्यायचे असल्यामुळे मी पुढील वाक्य लिहिले आहे: "ही प्रत रीमास्टर केलेली आहे, म्हणजे वादन मूळचेच असून जुन्या फितीवरून आवाजाचा तोल पुन्हा लावला आहे." एका शब्दाऐवजी पूर्ण वाक्य खर्चले, पण त्या ज्येष्ठ सदस्यांना फोनवर वाचून दाखवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मग हे आधी का सांगितलं नाही?"

रंकाळ्याच्या काठावरून:

'तोल पुन्हा लावला' यावरून सुचले. तंबोरा लावतो, दिवा लावतो आणि कुलूपही लावतो, तर 'फेरलावणी' हा शब्द कसा वाटतो?

शनिवार पेठ:

'फेरलावणी' वाचून लोक भाताची रोपे घेऊन येतील.

शाहूपुरी, दुसरी गल्ली:

आणि उरलेले ढोलकी घेऊन येतील. असो. शनिवार पेठकरांना एक प्रामाणिक प्रश्न आहे. मी 'तबकडी' म्हटले, राजारामपुरीकरांनीही म्हटले, आणि आपणही हरकत न घेता ती चालू दिलीत. 'तबक' अरबी आहे. तिलाही कल्हईसारखी घरची मानायची, की तिच्यासाठी वेगळा धागा काढायचा?

शनिवार पेठ:

वेगळा धागा काढावा. 'ध्वनिमुद्रिका' आणि 'तबकडी' हे समानार्थी नाहीतच, आणि राजारामपुरीकरांच्या प्रश्नात दोन्ही एकाच परिच्छेदात आले आहेत, हे मला पहिल्यापासून खटकते आहे.