मदत हवी आहे: काकांच्या बीएसएचे साल आणि मॉडेल कसे ठरवावे?

अडलेला_पुतण्या: काकांच्या पश्चात त्यांची जुनी लाल बीएसए मोटरसायकल माझ्याकडे आली आहे. घरात तिला सगळे ‘सहाशेची’ (म्हणजे सहाशे सीसीची) म्हणत. नोंदणीपुस्तकात १९५१ लिहिले आहे, परंतु ते साल सांगून मागवलेले पुढच्या फोर्कचे (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचे) बुश, म्हणजे आत बसणारी कडी, अजिबात बसले नाहीत. इंजिनावर ‘एम२०’ आणि पुढे पाच आकडे आहेत. कृपया नेमके साल लवकर सांगावे, कारण मेकॅनिक टाकी घासायला बसला आहे.

साइडव्हॉल्व्ह: एवढ्यावरून कोणीही साल सांगू शकणार नाही. ‘एम’च्या आधी कोणते अक्षर आहे? फ्रेमचा क्रमांक काय आहे? पुढे नळ्यांचा टेलिस्कोपिक फोर्क आहे, की मध्ये एकच मोठी स्प्रिंग असलेला गर्डर? मागच्या चाकाला स्प्रिंगा आहेत का?

अडलेला_पुतण्या: गर्डर आहे, ते फोटो पाहिला तर कळलेच असते, तो चढवायचा राहिला. मागे स्प्रिंगा नाहीत. ‘एम’च्या आधी अक्षर दिसत नाही. फ्रेमवर क्रमांक असतो हे मला ठाऊक नव्हते.

जोडसिलिंडर: आधी दोन्ही क्रमांक जुळतात का ते पाहा. माझ्या ट्रायम्फचे इंजिन आणि फ्रेम यांवर एकच क्रमांक आहे. तुमचे जुळत नसतील, तर दोन गाड्यांची मिळून एक केलेली आहे असे समजा.

साइडव्हॉल्व्ह: ट्रायम्फचा नियम इथे लावू नका. त्या काळातल्या बीएसएचे इंजिन आणि फ्रेम यांचे क्रमांक कारखान्यातूनच वेगवेगळे येत, त्यामुळे ते न जुळणे हा दोष ठरत नाही. पाहायचे असते ते आधीचे अक्षर. एम२० हे मॉडेलचे नाव, त्याच्या आधी ‘के’ असेल तर १९३९, ‘डब्ल्यू’ असेल तर दुसऱ्या महायुद्धाचा काळ, आणि ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ असेल तर युद्धानंतरची गाडी. हँडलखालच्या सांध्यावर डाव्या बाजूला फ्रेमचा आणि सिलिंडरच्या तळाशी क्रँककेसवर (इंजिनाच्या खालच्या पेटीवर) डावीकडे इंजिनाचा क्रमांक सापडेल. तारेचा ब्रश मुळीच लावू नका. रॉकेलच्या बोळ्याने मळ काढून वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासा.

रंगारी: टाकीचे म्हणाल तर आतला गंज आधी काढा. मी खिळे आणि व्हिनेगर घालून दोन दिवस हलवत ठेवली होती, उत्तम निघाली.

अडलेला_पुतण्या: टाकीच्या आत गंज आहे असे मी कुठेही म्हटलेले नाही. कागदावर घासल्यावर दोन्ही ठिकाणी ‘डब्ल्यूएम२०’ उमटले. इंजिनावरच्या डब्ल्यूचा डावा पाय रंगात बुजला होता, म्हणून तो मला ओरखडा वाटला. आकडे मात्र वेगवेगळे आहेत. मग पुस्तकातले १९५१ कुठून आले?

साइडव्हॉल्व्ह: ते नोंदणीचे साल आहे, बनावटीचे नाही. युद्धात सैन्यासाठी १,२६,००० हून अधिक एम२० तयार झाल्या आणि युद्ध संपल्यावर त्यातल्या पुष्कळशा शिल्लक माल म्हणून विकल्या गेल्या. अशी गाडी नागरी नोंदणीला जेव्हा आली, ते साल कागदावर चढले. तुमचे बुश न बसण्याचे कारणही हेच आहे, कारण १९४८ च्या सुमारास या मॉडेलला टेलिस्कोपिक फोर्क आला आणि दुकानदाराने १९५१ ऐकून त्याचेच भाग दिले.

मोजपट्टी: ‘सहाशेची’ या शब्दाचा निकाल अजून लागलेला नाही. एम२० आणि एम२१ यांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, सारखाच, ८२ मिलिमीटर. फरक आहे तो स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वरखाली जितका सरकतो त्या अंतरात. एम२० चा स्ट्रोक ९४ असल्याने ती ४९६ सीसीची होते, आणि एम२१ चा ११२ असल्याने ५९१ सीसीची. साइडव्हॉल्व्ह इंजिनाचे (ज्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात) हेड, म्हणजे वरचे झाकण, काढणे कठीण नसते. पिस्टन अगदी खाली असताना आणि अगदी वर असताना सिलिंडरच्या काठापासून त्याचे अंतर घ्या आणि वजाबाकी करा.

अडलेला_पुतण्या: मोजले, ९४ आले. काका आयुष्यभर शंभर सीसी वाढवून सांगत होते तर!

जोडसिलिंडर: तरीही इंजिन मूळचेच आहे हे सिद्ध होत नाही. सैन्याच्या कार्यशाळांत दुरुस्तीच्या वेळी इंजिने सर्रास बदलली जात.

साइडव्हॉल्व्ह: हे मात्र खरे, म्हणून वर्ष काढताना फ्रेमचा क्रमांकच धरावा. या गाड्या सैन्याला कंत्राटागणिक पुरवल्या गेल्या, त्यामुळे फ्रेमच्या क्रमांकावरून कंत्राट आणि कंत्राटावरून वर्ष काढता येते. जुन्या गाड्यांच्या क्लबांकडे या नोंदी असतात. पेन्सिलीने काढलेल्या ठशाचा फोटो त्यांना पाठवा. आणि टाकी घासणे आत्ताच्या आत्ता थांबवा! ब्रिटिश सैन्याच्या मोटरसायकलींच्या टाकीवर ‘सी’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असे, तो लाल रंगाखाली अजून असू शकतो.

अडलेला_पुतण्या: उजवी बाजू मेकॅनिकने पत्र्यापर्यंत घासून टाकली आहे. डाव्या बाजूला बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला, तेव्हा लालच्या खाली काळा, त्याच्या खाली हिरवा आणि हिरव्यावर पांढरा ‘सी’ व तीन आकडे दिसले. त्यापुढचे गुडघा टेकवायच्या रबराच्या स्क्रूंमुळे खरवडले गेले आहेत. मेकॅनिकला घरी पाठवले आहे. ठसा कागदावर घेतला आहे आणि फोटो उद्या चढवतो.

जोडसिलिंडर: टाकीसुद्धा बदलता येते, एवढेच लक्षात असू द्या.