‘मॅश’ला मराठीत काय म्हणावं?

मेलबर्नकर: इथल्या मराठी मंडळींसाठी सातूच्या माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांपासून, घरी बिअर करायची कृती मराठीत लिहितोय. अख्खा रविवार खाणारी नको, अर्ध्या दिवसात आटपणारी हवी. पहिल्याच पायरीला अडलो. भरडलेलं माल्ट गरम पाण्यात कालवून ६५ ते ६८ अंशांवर तासभर ठेवतात, तो मॅश. मी ‘दाणे शिजवा’ असं लिहिलं, तर एकाने विचारलं, किती शिट्ट्या?

सातारी: आंबोण! पेंड-भुसा भिजवून गुरांपुढे ठेवतात ते. इंग्रजीत घोड्याच्या ओल्या खाद्यालाही मॅशच म्हणतात. शिवाय तुमचा उरलेला चोथा शेवटी गुरांकडेच जातो.

शब्दवेडा: आंबोण शब्द झकास, पण ऐकणाऱ्याला त्यात ‘आंबणं’ ऐकू येणार. आंबणं पुढे, यीस्ट घातल्यावर. इथे माल्टमधली विकरं स्टार्चची साखर करतात, एवढंच. ‘शिजवणे’ तर घातकच. उकळी फुटली की विकरं संपली, मग साखर कुठली? उरेल ती सातूची पेज.

नाशिकची: ‘मुरवणे’ का नको? झाकण लावायचं, घोंगडी गुंडाळायची, हात लावायचा नाही.

सातारी: मुरत ठेवा म्हटलं की आपली माणसं रात्रभर ठेवतील.

मेलबर्नकर: ठेवू देत की! वेळ वाचवणारे मुद्दाम तेच करतात. रात्री मुरवायचं, सकाळी गाळायचं. तापमान फार उतरू द्यायचं नाही, एवढं सांभाळावं. दाण्यावरचे जंतू जागे झाले तर ते आंबट होतं. शिवाय जास्त मुरलं की बिअर जरा पातळ, कोरडी लागते. ज्यांना त्याच दिवशी उरकायचंय त्यांनी घड्याळाकडे बघूच नये. हल्लीचं माल्ट बरेचदा अर्ध्या-पाऊण तासात काम उरकतं. बशीत थेंबभर पाणी काढून त्यावर आयोडीन टाकावं. शाळेत भातावर टाकायचो तसंच. निळं-काळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे.

शब्दवेडा: म्हणजे ‘तासभर मुरवा’ न लिहिता ‘मुरेपर्यंत ठेवा’ लिहा. चाचणी खाली द्या. आणि माल्ट घालण्याआधीच्या पाण्याला?

नाशिकची: आधण, अर्थात.

शब्दवेडा: आधण म्हणजे खळखळणारं पाणी. यांना किलोला तीन लिटर धरलं तर साधारण ७२ अंशांचंच लागतं. ‘कढत पाणी’ म्हणा आणि आकडा लिहा. आकडा असला की शब्दावर फार भार पडत नाही.

मेलबर्नकर: मान्य. हे पाणी टायमरवर लावून ठेवलं की सकाळचा पाऊण तास आयताच मिळतो. पुढची अडचण: मॅश गाळून निघणारं गोड पाणी, वर्ट. दाणे कापडी पिशवीतच मुरवतो, मग पिशवी उचलून चक्क्यासारखी टांगतो. वरून पाणी घालून धुवत बसत नाही. साखर थोडी वाया जाते, माल्ट मूठ-दोन मूठ जास्त घ्यायचं.

सातारी: त्याला ‘निथळणे’ म्हणतात. ‘गाळणे’ म्हटलं की लोक पिळतात.

नाशिकची: आणि वर्टला कढण! मुगाचं करतो ना आपण. ‘काढा’ नको, लोक चमच्याने पितील.

मेलबर्नकर: कढण घेतला. मग कढण हॉप्ससह, म्हणजे कडवटपणा देणाऱ्या फुलांसह, तासभर उकळणं आणि थंड करणं. उकळणं अर्ध्या तासावर आणता येतं, पण कडवटपणा कमी उतरतो म्हणून हॉप्स वाढवावे लागतात. थंड करायला मी यंत्र वापरत नाही. गरम कढण थेट जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये ओतून झाकण घट्ट लावायचं, रात्रभर आपोआप निवतं. ऑस्ट्रेलियात ही रीत जुनी आहे. फक्त शेवटी घातलेले हॉप्स गरम कढणात राहून जास्त कडू होतात, म्हणून ते आणखी उशिरा घालावे. यासाठी ‘निवत ठेवा’ पुरेल का?

शब्दवेडा: पुरेल. पण पुढे ‘झाकून’ जोडा. निवत ठेवायचं म्हटलं की आपण झाकण काढतो.

कोल्हापुरी: कृतीच्या वर मोठ्या अक्षरात लिहा, ही परदेशातल्यांसाठी आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, घरी परवान्याशिवाय बिअर करणं गुन्हा. इथे तुमच्या कढणाला पोलिसांच्या बातमीत ‘रसायन’ म्हणतात.