मदत हवी आहे : येझदी रोडकिंगचे क्रँक सील आणि पिस्टन

गाडी, म्हणजे जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल, गोव्यात फोंड्याला आहे. प्रायमरी (क्लचच्या) बाजूचा क्रँक सील, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीची रबरी रिंग, गेलाय. गियरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्टच्या बंद कप्प्यात) ओढलं जातं, धूर पांढरा आणि दाट, ऑइलची पातळी उतरत जाते. इग्निशन बाजूचाही सील बदलणारच, कारण तिथून हवा शिरली की मिक्श्चर पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), स्लो (आयडलिंग) टिकत नाही आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

म्हापसा-मडगावात जुना स्टॉक मिळतो, पण पाकीट सीलबंद असलं तरी आतलं रबर वाळलेलं. सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी कड) नखाने वाकवला की बारीक चिरा दिसतात. असे सील नकोत. इथेनॉलच्या पेट्रोलमुळे व्हायटॉनचेच (इंधनाला टिकणारं रबर) हवेत. पुण्याच्या नाना पेठेत किंवा बेळगावात खात्रीचं दुकान कुणाला माहीत आहे का? कृपया सीलच्या आतल्या-बाहेरच्या व्यासाचा व्हर्नियर लावलेला फोटोही टाका.

दुसरं, ६५ मिमी बोअरसाठी (सिलिंडरच्या आतल्या व्यासासाठी) ०.२५ मिमी ओव्हरसाईज पिस्टन हवा, रिंग आणि गजनपिनसह (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन). रिंगच्या खाचेतली पिन घट्ट हवी. ती सुटली तर रिंग फिरून पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीत) अडकते. पिस्टन हातात आल्याशिवाय सिलिंडर बोरिंगला (आतून कापून मोठा करायला) देणार नाही, म्हणून जरा घाई आहे.