हृदयासाठी, किडनीसाठी तुम्ही ताटात काय बदललंत? (अनुभव धागा)

गेल्या दिवाळीत बाबांचं क्रिएटिनिन (किडनी उतरली की रक्तात वाढतं ते) १.९ आलं. वय ६२, ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, ३९. पंधरा वर्षं बीपीच्या गोळ्या नेमाने घेतात, पण लघवीतली प्रथिनं तपासायला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्याची रुखरुख आहेच. औषधं डॉक्टर बघतात, स्वयंपाकघर मात्र माझ्याकडे आहे. ज्यांनी हृदयासाठी, किडनीसाठी किंवा दोन्हींसाठी खाणंपिणं बदललं, त्यांनी लिहा. जे अंगाशी आलं तेही लिहा. शक्य तिथे रिपोर्टचे आकडे द्या.

सुरुवात मी करते, मिठापासून. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. लोणचं-पापड त्यातच धरायचं. आमच्या चौघांत किलोचा पुडा महिनाभरात संपायचा. आता पुडा फोडला की पेनाने त्यावर तारीख घालते. चालू पुडा ४ मार्चला फोडला, आज ४७ दिवस झाले, तळाशी अजून थोडं आहे. कणकेतलं आणि भातातलं मीठ एका दिवसात बंद केलं, कुणाला कळलंसुद्धा नाही. आमटीतलं मात्र आठवड्याला चिमूट-चिमूट कमी केलं आणि आमसूल, लसणीची फोडणी वाढवली. पहिले तीन आठवडे बाबा न बोलता ताटावरून उठायचे, ते बघवायचं नाही. आता बाहेरचं जेवण त्यांनाच खारट लागतं.

सांगलीहून
ताई, आमची चूक नीट वाचा. ह्यांची २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झाली. पुढे किडनीही थोडी उतरली, क्रिएटिनिन १.६. मीठ कमी करायचं म्हणून मी कौतुकाने कमी सोडियमचं मीठ आणलं, सकाळी शहाळं सुरू केलं, दुपारी केळं. तीन महिन्यांनी ह्यांना पाय उचलवेना. रक्तातलं पोटॅशियम ६.२, धोक्याइतकं जास्त! रात्रीच दाखल करावं लागलं. त्या मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, शहाळ्यात आणि केळ्यातही पोटॅशियम भरपूर. बीपीची टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवते, आणि उतरलेली किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. भरपूर फळं-भाज्यांच्या डॅश आहाराने बीपी उतरतं, हे १९९७ च्या अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं, ते खरंच आहे. पण किडनी उतरलेल्या माणसाने तो जसाच्या तसा उचलायचा नाही. सैंधवाचंही सांगते, तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. वेगळं काही नाही.

चिपळूणहून
आईसाठी बटाटा, सुरण, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळते, पाणी ओतून देते आणि मग फोडणीला टाकते. पोटॅशियम बरंच निघून जातं. चव जाते तीही खरी, पण ओलं खोबरं चमचाभर घातलं की ती खाते. सुकट आणि खारा बांगडा बंद, ताजा मासा बेताने चालतो. आणि कमरखं (स्टार फ्रूट) किडनीच्या माणसाला चुकूनही देऊ नका. त्यातलं विष किडनीतून निघालं नाही तर मेंदूवर जातं, न थांबणारी उचकी लागते, झटके येतात.

सोलापूरहून
आठवड्याला तीन डायलिसिस, पाचवं वर्ष. मला पथ्यात सगळ्यात जड गेलं ते पाणी. दोन डायलिसिसच्या मधे वजन वाढतं ते पाण्याचं, आणि ते ओढून काढताना पायात गोळे येतात, बीपी पडतं. सकाळी माझ्या वाट्याचं पाणी एका बाटलीत भरून ठेवतो. चहा घेतला की तेवढं पाणी त्यातून ओतून टाकायचं. दुपारनंतर बाटलीकडे बघत बसतो. मीठ कमी केलं तशी तहानच कमी झाली, हे कुणीतरी मला पहिल्या महिन्यात सांगायला हवं होतं.

दुसरं, उपवास. आषाढीला मी चाळीस वर्षं निरंकार नाही, पण फराळाचा उपवास केला. रताळी, शेंगदाणे, राजगिरा, खजूर, बटाटा, सगळं पोटॅशियमचं. डायलिसिस लागल्यावर पहिल्याच एकादशीनंतर छाती धडधडून रात्र काढली. आता त्या दिवशी वाटीभर भगर खातो आणि हात जोडतो. विठोबाला चालतं.

पुण्याहून
आहार सगळे सांभाळतात, पण गुडघ्यांसाठी दुकानातून आणून खाल्लेल्या, किडनीला घातक अशा दुखण्यावरच्या गोळ्यांचं कुणी बोलत नाही. मी दोन वर्षं डायक्लोफिनॅक घेत होतो. ती बंद केली, रोज चाळीस मिनिटं चालतो, आठ किलो उतरलो. क्रिएटिनिन १.७ वरून १.४ वर आलं.

धागाकर्ती
सांगलीच्या ताई, तुमचं वाचून बाबांची फाईल काढली. पोटॅशियम ५.४ आहे, आणि त्याखाली कुणी रेघही मारलेली नाही. शहाळ्याचं पाणी आमच्याकडेही रोज होतं, मीच चालू केलं होतं. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करते. फ्रिजमधली दोन शहाळी आत्ताच शेजारी देऊन आले.