ॲनोरेक्सिया: ‘व्यायाम बंद’ लिहून दिलं, पुढे काय?

फिजिओ_ठाणे
ॲनोरेक्सिया नर्व्होसाच्या (वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जाण्याचा आजार) पेशंटचं जिम, धावणं बंद केलं तरी घरात हालचाल चालूच राहते. घरच्यांनी नेमकं काय बघायचं? आणि पुन्हा सुरुवात कधी, कशाने?

आहार_वही
जिम सगळ्यांना दिसतं, बाकीचं नाही. उभ्यानेच अभ्यास, बसल्यावर सतत हलणारे पाय, बाथरूमला कडी लावून बैठका. धुणं वाळत घालायचं तर बादली वर न नेता एकेक कपडा घेऊन गच्चीचा जिना चढायचा.

“किती वेळ केलास?” विचारण्यापेक्षा “एक दिवस चुकला तर काय होतं?” हे विचारा. चिडचिड होते, त्या दिवशी जेवण कापलं जातं, असं उत्तर आलं की समजून जा, हा साधा व्यायाम नाही, आजाराची सक्ती आहे.

याला निव्वळ हट्ट समजू नका. १९६७च्या एका प्रयोगात उंदरांना दिवसातून एकच तास खाणं दिलं आणि पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं. ते रोज जास्त पळत गेले, कमी खात गेले, वजन ढासळत गेलं. म्हणजे उपासमारच पळवते. आधी पोट भरायला हवं, व्याख्यानं नंतर.

वॉर्ड_नंबर_नऊ
मंद नाडीला व्यायामाने कमावलेलं ‘खेळाडूचं हृदय’ म्हणून सोडू नका, ही चूक नेहमीची. पाच मिनिटं झोपवून नाडी-बीपी घ्या, मग उभं करून दोन मिनिटांनी पुन्हा. खोलीभर चालल्यावर नाडी एकदम उसळली तर ती उपासमारीची. जागेपणी ५०च्या खाली, चक्कर, छातीत दुखणं: त्याच दिवशी हॉस्पिटल, ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम तपासा. आहार वाढवायच्या पहिल्या काही दिवसांत फॉस्फेट झपकन उतरू शकतं, तेव्हा हृदयावर वाढीव ताण नकोच.

जांघेत दुखतंय म्हणाली तर मांडीच्या हाडाच्या मानेला (खुब्याजवळच्या अरुंद भागाला) स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने पडलेली बारीक चीर, आहे का बघा. सुरुवातीला एक्स-रे साफ येऊ शकतो. एमआरआय होईपर्यंत त्या पायावर भार नको.

आहार_वही
व्यायामाची पुन्हा सुरुवात उपचार करणाऱ्या टीमने ठरवायची. नाडी स्थिर, ताटातलं सगळं संपतंय, चोरून काही नाही, एवढं जमलं की कुणाच्या तरी सोबतीने स्ट्रेचिंग, मग हलकं वजन. धावणं सगळ्यात शेवटी. व्यायामाच्या दिवशी खाणं वाढवायचं. घड्याळावरची पावलं, कॅलरी बंद. वजन अडलं की पुन्हा थांबा.

फिजिओ_ठाणे
बंद पडलेली पाळी पुन्हा सुरू झाली की व्यायामाची परवानगी द्यायची का?

वॉर्ड_नंबर_नऊ
तेवढ्यावर नाही. गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारा रक्तस्राव तर धरूच नका.